‘शेंगा चालत नाहीत’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला सोलापुरातल्या हॉटेलवाल्यानं काय सांगायचं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमचं अक्कलकोट रोडला चाळीस सीटचं फॅमिली हॉटेल, सुरू होऊन आठ महिने झालेत. पुण्याहून स्वामींच्या दर्शनाला निघालेलं एक कुटुंब जेवायला थांबलं, त्यांच्या सात वर्षांच्या पोराला दाण्याची, म्हणजे आपण ज्याला शेंगा म्हणतो त्या शेंगदाण्याची ॲलर्जी, आईनं विचारलं ‘यात दाणे नाहीत ना’, वेटर म्हणाला ‘नाही ओ ताई, पनीर आहे’ आणि दहा मिनिटांत पोराचे ओठ सुजले. दवाखान्यात नेलं, पोरगं आता ठीक आहे, हे वाचून जीवात जीव आला. आता तुम्ही विचारताय की मेनू कार्डवर ॲलर्जीचा तक्ता छापू का, भिंतीवर ‘आम्ही जबाबदार नाही’ असा बोर्ड लावू का, कायदा काय म्हणतो, आणि त्या वेटरला काढून टाकू का.

वेटरचं शेवटी बघू.

मी डॉक्टर नाही, वकील नाही. आधी खानावळ, मग दोन हॉटेलं, असं मिळून २४ वर्षं या धंद्यात गेली, आता गल्ल्यावर पोरगा बसतो आणि मी दुसऱ्यांची किचनं लावून देतो. तेवढ्या अनुभवावर सांगतोय. आणि हेही आधीच सांगतो की सगळं तुमच्या किचनवर अवलंबून आहे, म्हणजे आचारी एक आहे की तीन, ग्रेव्ही रोजची करता की दोन दिवसांची करून फ्रीजला टाकता, तुम्ही स्वतः आत असता की फक्त काउंटरला, पोरं टिकतात की दर दोन महिन्यांनी नवीन येतात. माझ्याकडं चाललं ते तुमच्याकडं जसंच्या तसं चालेल असं नाही.

पण मूळ गोष्ट अशी की तुमचा वेटर खोटं बोलला नाही. त्याच्या डोळ्यापुढं पनीरची डिश आली, त्यात अख्खा दाणा त्यानं कधी बघितला नव्हता, म्हणून तो नाही म्हणाला. ग्रेव्हीत काय वाटलंय हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. खरं सांगा, तुम्हाला तरी त्या दिवशी माहीत होतं का? काजू महाग, म्हणून लाल ग्रेव्हीला निम्मा काजू आणि निम्म्या शेंगा, नाहीतर मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) आणि शेंगा, हे बऱ्याच किचनमध्ये चालतं, आचारी मालकाला विचारतही नाही कारण त्याच्या लेखी तो मालकाचाच फायदा करत असतो. तेव्हा कार्ड छापून हा प्रश्न सुटत नाही. कार्डावर जे छापाल ते खरं आहे हे कोण सांगणार? आधी उत्तर आत पाहिजे, मग ते बाहेर सांगता येतं.

माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. २०११ ची गोष्ट. एक कॉलेजची मुलगी मैत्रिणींबरोबर यायची, तिनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं की मला शेंगा अजिबात चालत नाहीत. आम्ही तिच्या ताटात चटणी वाढायचो नाही, कोशिंबिरीला कूट घालायचो नाही, सगळं व्यवस्थित चाललेलं. एक दिवस तिनं ठेचा मागितला. मी स्वतः आत जाऊन मावशींना म्हणालो, ताजा करा, शेंगा न घालता, नुसती मिरची, लसूण, मीठ. मावशींनी तसाच केला. ताट गेलं, दोन घास झाले आणि मुलगी गळ्याला हात लावून म्हणाली, ‘काका, यात आहे.’ मी म्हणालो, नाही गं, माझ्यासमोर केलाय. ती म्हणाली, ‘नाही काका, आहे.’ आणि होतं. ठेचा कुटलेला त्याच दगडी उखळात, ज्यात रोज सकाळी पाच किलो शेंगा चटणी कुटली जायची. उखळ पुसलेलं होतं, धुतलेलं नव्हतं. आणि दगडी उखळ धुऊन तरी किती निघतंय, तेल दगडात मुरलेलं असतं. तिच्याकडं तिच्या गोळ्या होत्या, दवाखाना जवळ होता, ती बरी झाली. पण ‘माझ्यासमोर केलाय’ असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

आता सोलापूरचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. पुण्यामुंबईच्या हॉटेलात दाणा एखाद्या डिशमध्ये असतो, आपल्याकडं तो हवेत असतो म्हटलं तरी चालेल. शेंगा चटणी टेबलावर मिठासारखी असते. कूट भरल्या वांग्यात, शेवग्याच्या आमटीत, पालेभाजीत, काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, दह्यात कालवलेल्या कशातही. संक्रांतीला शेंगा पोळी, हुरड्याच्या दिवसात हुरड्याबरोबर शेंगा चटणी. आपल्याला ते दिसतच नाही कारण ते आपल्या जिभेला ‘पदार्थ’ वाटत नाही. एका किचनमध्ये मी आचाऱ्याला विचारलं की मेथीच्या भाजीत काय काय आहे, त्यानं मेथी, लसूण, मिरची, मीठ, तेल असं पाच बोटांवर मोजून सांगितलं आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं मूठभर कूट भुरभुरलं. मी म्हणालो हे काय? तर म्हणे, ‘हे काय मसाला आहे व्हय, हे असतंयच की.’

हे ‘असतंयच की’ वाल्या गोष्टी आधी पकडायच्या.

तेल घ्या. आपल्याकडं बरेच जण अभिमानानं घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतात, बोर्डही लावतात. कारखान्यात पूर्ण रिफाइंड झालेल्या शेंगदाणा तेलातून प्रथिन जवळजवळ निघून गेलेलं असतं आणि ॲलर्जी प्रथिनाची असते, तेलाची नाही. पण घाण्याच्या तेलात त्या प्रथिनाचा अंश राहतो. म्हणजे जे तेल चांगलं म्हणून तुम्ही जास्त पैसे देऊन आणता तेच या गिऱ्हाईकाला वाईट. तळणीचंही तसंच, एकाच कढईत शेंगा तळून काढल्या आणि त्याच तेलात पापड सोडला तर पापड त्या गिऱ्हाईकासाठी बाद. आणि शिजवलं, भाजलं म्हणून ॲलर्जी जाते हा गैरसमज काढून टाका, दाण्याचं ते प्रथिन उष्णतेला दाद देत नाही.

दुसरी भानगड भाषेची, आणि ही मला सगळ्यात धोक्याची वाटते. पुण्याची बाई म्हणते ‘दाणे’. सोलापूरचा माणूस म्हणतो ‘शेंगा’, कन्नड घरातलाही शेंगाच म्हणतो. तेलुगू घरातला पोरगा ‘पल्ली’ म्हणतो. उत्तरेकडचा कारागीर ‘मूंगफली’ म्हणतो. आणि ओडिशा-बंगालकडचा असेल तर त्याच्या भाषेत शेंगदाणा म्हणजे चिनाबादाम, पुष्कळदा नुसतं बादाम. म्हणजे गिऱ्हाईक म्हणालं ‘दाणे नकोत’, वेटरनं आत ओरडून सांगितलं ‘दाना नहीं डालना’ आणि आतल्या पोराला वाटलं डाळिंबाचे दाणे किंवा मक्याचे दाणे. उलट गिऱ्हाईक म्हणालं बदामाची ॲलर्जी, तर आत तो शेंगा काढून ठेवेल आणि शिऱ्यावर बदाम तसेच. हसू नका, असं होतं.

यावर मी केलेला उपाय अगदी साधा आहे. काउंटरवर एक झाकणाची छोटी काचेची बरणी, सीलबंद, आत मूठभर शेंगदाणे. दुसरीत काजू, बदाम, पिस्ते. कुणी ॲलर्जी म्हणालं की कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचा माणूस, ती बरणी टेबलावर नेऊन दाखवतो, ‘हेच ना?’ आणि तीच बरणी आत नेऊन आचाऱ्याला दाखवतो, ‘हे नको.’ भाषेचा घोळ तिथंच संपतो. बरण्यांवर चिकटपट्टी पाहिजे, नाहीतर पोरं रिकामटेकडी बसली की उघडून खातात, माझ्याकडं पहिली बरणी आठवडाभरही टिकली नाही.

आता ‘चालत नाही’ या शब्दाकडं येतो. मराठीत हा एकच शब्द दहा कामं करतो. चतुर्थी आहे, कांदा-लसूण चालत नाही. आम्ही जैन, बटाटा चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, मीठ चालत नाही. वात आहे, वांगं चालत नाही. आवडत नाही म्हणूनही चालत नाही. आणि ज्याच्या जिवावर बेततं तोही बिचारा ‘चालत नाही’ एवढंच म्हणतो, कारण हॉटेलात बसून आजारपणाचा पाढा कुणाला वाचायचा असतो. वेटर दिवसातून तीसदा ‘चालत नाही’ ऐकतो, तो सगळ्यांना एकाच मापानं घेणार. म्हणून आमच्या पोरांना मी एकच प्रश्न घोकून घेतला, ‘खाल्लं तर काय होतं?’ एवढाच. उत्तर ‘आवडत नाही’ किंवा ‘उपास आहे’ असेल तर नेहमीसारखं घालू नका म्हणून सांगायचं. उपास काय आणि जैन जेवण काय, त्यांचाही मान राखायचाच, पण तिथं ॲम्ब्युलन्स लागत नाही. उत्तर ‘पोट बिघडतं’ असेल, जसं पुष्कळांना दूध पचत नाही, तर जपून द्यायचं. आणि उत्तरात सूज, पित्त उठणं, श्वास, ‘दवाखान्यात न्यावं लागलेलं’ यातलं काही आलं की वेटरचं काम संपलं. त्यानं पुढं एक शब्द बोलायचा नाही, कॅप्टनला नाहीतर मालकाला बोलवायचं.

दुधाचा घोळ नीट समजून घ्या कारण तो रोज येतो. दुधातली साखर न पचणं वेगळं आणि दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी वेगळी. पहिल्याला थोडं ताक पुष्कळदा सोसतं, दुसऱ्याला चमचाभर लोणीही नको, आणि तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून ‘तूप म्हणजे काय दूध थोडंच’ असं म्हणू नका. गव्हाचंही तसंच. सिलिॲक नावाचा आजार असतो, ती ॲलर्जी नाही, लगेच ओठ सुजत नाहीत, पण गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं आतडं खराब होत राहतं. अशा माणसाला आपण मोठ्या दिमाखात सांगतो, ‘भाकरी घ्या की, मंगळवेढ्याची मालदांडी आहे.’ ज्वारीत ग्लुटेन नसतं हे खरं, पण ती ज्वारी दळली कुठं? त्याच गिरणीत, गव्हाच्या पाठोपाठ. थापली कुठं? ज्या परातीत सकाळी कणीक मळली तिथं. आणि आमटीत हिंग घातला तो डबीतला बांधानी हिंग, त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीच्या मागं लिहिलेलंच असतं, वाचून बघा. चायनीज करत असाल तर सोया सॉसमध्ये सोया आणि पुष्कळदा गहू दोन्ही.

कायद्याचं थोडक्यात. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्यांचे लेबलिंग आणि डिस्प्लेचे २०२० चे नियम आहेत. त्यात ॲलर्जीकारक म्हणून जे गट दिलेत ते असे: ग्लुटेन असलेली धान्यं म्हणजे गहू, जव वगैरे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे प्राणी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर सल्फाइट, म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन. ज्यांच्याकडं सेंट्रल लायसन आहे किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा आहेत अशा हॉटेलांना मेनूवर ही माहिती द्यावी लागते. तुमच्या एका हॉटेलाला ती मेनूची सक्ती लागू होत नाही. पण थांबा, तुम्ही लिहिलंय की गल्ल्याशेजारी शेंगा चटणीची पाकिटं विकायला ठेवलीत. ते पाकीटबंद अन्न झालं, त्याला लेबलचे नियम लागू, घटक आणि त्यात शेंगदाणा आहे हे लेबलवर पाहिजे. ‘शेंगा चटणी असं नावच आहे की’ म्हणाल, तर विजयपूरच्या माणसाला कळेल, दिल्लीच्या माणसाला शेंगा म्हणजे काय ते कळायचं नाही.

तिळाचं नाव आपल्या त्या यादीत नाही, अमेरिकेनं २०२३ पासून यादीत घेतलंय, युरोपात तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. आपल्या काळ्या तिखटात तीळ असतो, संक्रांतीला तर प्रश्नच नाही. कायद्यात नसला तरी तुमच्या वहीत तीळ असू द्या, आणि खोबरं, हरभरा, तूर हेही असू द्या, कारण डाळींची ॲलर्जी असणारे आपल्याकडं आहेत आणि बेसन सगळीकडं असतं.

‘आम्ही जबाबदार नाही’ या बोर्डाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, लावू नका. एक तर वेटरनं तोंडानं चुकीचं सांगितलं असेल तर भिंतीवरचा बोर्ड तुम्हाला वाचवेल या भरवशावर राहू नका. दुसरं, तो बोर्ड वाचून गिऱ्हाईक विचारायचंच सोडून देतं, आणि आपल्याला तर त्यानं विचारायला पाहिजे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. दुपारी तीन ते पाच हॉटेल थंड असतं, तेव्हा आचाऱ्याला चहा पाजून समोर बसवा आणि एक दोनशे पानी वही घ्या. डिशप्रमाणे लिहायला जाल तर एकशे वीस डिश बघून दुसऱ्याच दिवशी वही बंद पडेल. खालून सुरू करा. तुमच्या किचनमध्ये बेस किती? लाल ग्रेव्ही, पांढरी, पिवळी, कांद्याचं वाटण, काळा मसाला, चायनीजचे दोन सॉस, तळणीचं तेल, फोडणीचं तेल. दहा-बारा गोष्टी होतात. प्रत्येकीत काय जातं ते लिहा, आणि आचारी सांगतो तसं लिहू नका, तो करतो तेव्हा शेजारी उभं राहून लिहा, मेथीचं उदाहरण वर दिलंच आहे. मग विकतच्या प्रत्येक पाकिटाची मागची बाजू मोबाईलनं फोटो काढून ठेवा. मग कुठली डिश कुठल्या बेसवर ते जोडलं की वही तयार. माझ्या पहिल्या वहीला चार दुपारी लागल्या, आणि त्यात मला माझ्याच किचनबद्दल अशा तीन गोष्टी कळल्या ज्या मी चार वर्षं गिऱ्हाईकाला चुकीच्या सांगत होतो. खिमा वाढवायला आचारी सोया वडी घालायचा, ही त्यातली एक. ती ॲलर्जीच्या आधी लबाडी म्हणून बंद केली.

वही जुनी होते हे लक्षात ठेवा. वाण्यानं ब्रँड बदलून दिला, आचारी गावी गेला आणि त्याचा मेहुणा आला, काजूचा भाव चढला, की वही खोटी. आमच्याकडं नियम होता, माल बदलला की आधी वही मग डबा. पाळला जायचा का? दहातून सातदा. म्हणून दर महिन्याला एकदा मी पुन्हा शेजारी उभा राहायचो.

तुम्हाला मी सांगेन की शेंगा ग्रेव्हीतून काढूनच टाका. चटणी हे सोलापूरचं नाव आहे, ती राहू दे. वांग्यात कूट राहू दे, लोक त्यासाठीच येतात. पण पनीरच्या लाल ग्रेव्हीत शेंगा कुणी मागितलेल्या नाहीत, तिथं त्या फक्त पैसे वाचवायला असतात. मगज वापरा, नाहीतर कांदा-टोमॅटोवरच जाड करा. दाणा जिथं दिसतो तिथंच ठेवला की निम्मा घोळ कमी होतो. टेबलावरची चटणीसुद्धा उघड्या वाटीत ठेवू नका, झाकणाच्या बरणीत द्या, मागितल्यावर द्या. आणि असं कुटुंब बसलं की टेबल त्याच ओल्या फडक्यानं फिरवू नका ज्यानं आधीच्या टेबलावरची चटणी पुसली, साबणाच्या पाण्यातलं स्वच्छ फडकं घ्या. हाताला सॅनिटायझर चोळल्यानं दाण्याचा अंश निघत नाही, साबण आणि पाणीच लागतं.

ऑर्डर आत जाताना काय होतं ते बघा. केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लाल पेननं ‘शेंगा ॲलर्जी’, खाली टेबल नंबर. नुसतं ‘शेंगा नको’ लिहू नका, ते आवडीनिवडीसारखं वाचलं जातं. कॅप्टन स्वतः आत जातो, आचाऱ्याला दाखवतो, आचारी वही बघून तोंडानं परत सांगतो, ‘शेंगा ॲलर्जी, टेबल सहा, दाल तडका, रिफाइंडमधी.’ मग वेगळी कढई, वेगळी पळी. आम्ही एक छोटी कढई, एक पळी आणि एक उलथणं यांच्या मुठीला हिरवी पट्टी मारून वर खिळ्याला टांगलेलं, ते बाकी कशाला वापरायचं नाही. ताट बाकीच्या ताटांबरोबर ट्रेमध्ये जात नाही, कॅप्टन हातात धरून नेतो. कारण सगळं नीट करून शेवटी पास करताना शेजारच्या ताटातली चटणी वरणावर सांडली तर काय उपयोग.

आणि जमत नसेल तर नाही म्हणायचं. हे हॉटेलवाल्याला फार जड जातं, गिऱ्हाईक उठून जाईल ही भीती. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसात, जानेवारीत, बाहेर रांग, आत तीन कढया पेटलेल्या, कोण कुठली पळी कशात घालतोय कळत नाही, तेव्हा मी सरळ सांगायचो, ‘ताई, आज गर्दीत मला खात्री देता येणार नाही. सीलबंद दही आहे, केळी आहेत, उकडलेली अंडी आहेत, पोराला हे द्या, बाकीच्यांनी जेवा.’ कुणी रागावलं नाही. उलट एका बाईंनी सांगितलं की आम्ही सकाळपासून तीन हॉटेलं फिरलो, सगळ्यांनी ‘काही नाही होत, बिनधास्त खा’ म्हटलं, तुम्ही पहिले नाही म्हणणारे. ते कुटुंब दर वर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेला येतं आणि आमच्याकडंच थांबतं.

इथपर्यंतचं गोळा करायचं तर: आधी वही, मग बरणी आणि तो एक प्रश्न, मग लाल पेन आणि हिरव्या पट्टीची कढई. कार्ड त्यानंतर. आणि कार्डावर तक्ता नको, चाळीस सीटच्या हॉटेलात तो महिन्यात खोटा ठरतो. पहिल्या पानावर, दरांच्या वर, ठळक दोन ओळी छापा: ‘कुठल्याही पदार्थाची ॲलर्जी असल्यास ऑर्डर देण्याआधी काउंटरवर सांगा. आमच्या किचनमध्ये शेंगदाणे, काजू, तीळ, दूध, गहू, सोया, अंडी वापरली जातात.’ हिंदीत आणि कन्नडमध्येही छापा, विजयपूर-कलबुर्गीकडची गाडी तुमच्याकडं येतेच. ‘शेंगा विरहित’ असं कुठल्याही डिशसमोर छापू नका. ज्या किचनमध्ये रोज चटणी कुटली जाते तिथं तो शब्द मी तरी वापरणार नाही.

एवढं करूनही कधी झालंच तर. ओठ, जीभ, डोळे सुजणं, अंगभर पित्त, उलटी, आवाज बसणं, श्वासाला घरघर, चक्कर. बहुतेकदा काही मिनिटांत सुरू होतं, कधी तास-दोन तासांनी. लिंबू-सोडा देऊ नका, पाणी पाजत बसू नका, ‘बाहेर मोकळ्या हवेत चाला’ म्हणून उठवू नका. आडवं करा, पाय वर, श्वासाचा त्रास असेल तर बसू द्या पण उभं करू नका. त्यांच्याकडं डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन असेल तर ते लगेच, मांडीत. १०८ ला फोन, आणि ‘चक्कर आलीय’ असं न सांगता ‘खाण्याची ॲलर्जी झालीय, श्वासाला त्रास आहे’ असं स्पष्ट सांगा. याचं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आहे, ॲलर्जीच्या गोळीनं खाज थांबते पण बंद होणारा श्वास उघडत नाही. जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याचा नंबर गल्ल्यावर मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा, आणि एकदा स्वतः जाऊन विचारून या की अशा वेळी आणलं तर तुम्ही घेता ना. थोडं बरं वाटलं तरी दवाखान्यात नेऊ द्या, काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो.

आणि त्या वेळी एक गोष्ट करा, खरं सांगा. आपला पहिला विचार असतो कढई घासून टाका. नको. ग्रेव्हीत शेंगा होत्या हे डॉक्टरला तेवढ्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे. तुम्ही लिहिलंय की तुमचा आचारी दवाखान्यात गेला आणि त्यानं स्वतःहून सांगितलं, म्हणजे तुमच्याकडं माणसं चांगली आहेत.

राहिला वेटर. मालकाची चिडचिड मी समजू शकतो, पण त्याला काढून उद्या जो नवीन आणाल तोही पनीर बघून ‘नाही ओ ताई’ असंच म्हणणार, आणि ह्यानं निदान पोराचे ओठ सुजलेले डोळ्यांनी बघितलेत. वही लिहायला बसाल तेव्हा आचाऱ्याशेजारी त्यालाच बसवा, आणि त्या बरण्या त्याच्याच ताब्यात द्या. चिकटपट्टी मात्र तुम्ही लावा.